लाव्याच्या पिलांमधील पायांचे व्यंग

लाव्याच्या पिलांमधील पायांचे व्यंग म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या लावा (बटेर) पक्ष्याच्या पिलांच्या पायांत किंवा बोटांत आढळणारी विकृती होय. पाळीव जपानी लावा भारतात १९७४ साली आणला गेला. त्याची अंडी सुमारे १७ ते १८ दिवसांत उबतात. पिलाचे वजन जेमतेम ६ ते ८ ग्रॅम असते. त्याला उभे राहता आले नाही, तर ते दाणापाण्यापर्यंत पोहोचू शकत नाही व दगावते.

प्रकार व कारणे

फाकलेले पाय: दोन्ही पाय बाजूंना पसरतात. वर्तमानपत्रासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर पिले ठेवणे हे याचे प्रमुख कारण आहे.

वाकडी बोटे: बोटे आतल्या बाजूला वळतात. मादीच्या किंवा पिलाच्या आहारातील ब-२ जीवनसत्त्वाची (रायबोफ्लेविन) कमतरता यास कारणीभूत ठरते.

सरकलेली कंडरा: मँगनीजसारख्या घटकांच्या अभावी घोट्यावरील कंडरा जागेवरून सरकते व पाय वाकडा होतो.

उबवणी यंत्रातील तापमानाचा बिघाड हेही एक कारण आहे. गेवराईसारख्या मराठवाड्यातील कोरड्या हवेच्या भागात उन्हाळ्यात यंत्रातील आर्द्रता घटते. त्यामुळे कवचाखालील पापुद्रा सुकून पिलाला चिकटतो व त्यास बाहेर पडणे अवघड जाते.

प्रतिबंध व उपचार

पिलांखाली खडबडीत कापड अंथरावे. फाकलेले पाय पहिल्या एक-दोन दिवसांतच मऊ पट्टीने, उभे राहण्याइतके अंतर ठेवून, सैल बांधल्यास बहुधा सुधारतात. हाडे कडक झाल्यावर उपचाराचा फारसा उपयोग होत नाही. सरकलेली कंडरा मात्र सहसा पूर्ववत होत नाही. अनेक पिलांत एकाच वेळी व्यंग दिसल्यास प्रजनन पक्ष्यांचा आहार व उबवणी यंत्र तपासणे आवश्यक असते.