आल्फ्रेड स्टॉक यांचे बोरॉन-संशोधन आणि पारा

बोरॉनच्या हायड्राइडांचे रसायनशास्त्र ज्या प्रयोगपद्धतीवर उभे राहिले, तिनेच तिच्या जनकाचे आरोग्य हिरावून घेतले. आल्फ्रेड स्टॉक (१८७६–१९४६) यांनी ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक असताना हे संशोधन आरंभिले व १९१६ पासून बर्लिनमध्ये पुढे चालविले. मॅग्नेशियम बोराइडावर आम्लाची क्रिया होऊन जे वायुमिश्रण निघे, त्यातील काही घटक हवा लागताच पेट घेत. काचेच्या तोट्यांना लावलेले वंगणही त्यांच्यापुढे टिकत नसे. तेव्हा स्टॉक यांनी तोट्यांऐवजी पाऱ्याच्या झडपा योजिल्या, आणि सर्व मिश्रण निर्वात नळ्यांमध्ये अतिशीत तापमानास थिजवून त्यातील घटक एकामागून एक वेगळे केले. डायबोरेन, टेट्राबोरेन, डेकाबोरेन ही संयुगे अशी शुद्ध स्वरूपात हाती आली. सिलिकॉनची हायड्राइडेही याच मार्गाने मिळाली.

झडपांतील पाऱ्याची वाफ मात्र वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात जात होती. डोकेदुखी, भोवळ, आणि संशोधकाला याहून भयंकर ते काय, स्मृतिमांद्य! कारण उमगले ते १९२४ साली. स्टॉक यांनी ते लपविले नाही. १९२६ मध्ये स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या लक्षणांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करून त्यांनी रसायनज्ञांना सावध केले. पुढे पाऱ्याचे अत्यल्प प्रमाण मोजण्याच्या पद्धतीही त्यांनी विकसित केल्या.

डायबोरेनमधील बंधांचे कोडे त्यांच्या हातून सुटले नाही. हायड्रोजन-सेतूंची कल्पना १९४० नंतरच्या दशकात रुजली. बोरेनांच्या रचनेवरील कार्यासाठी विल्यम लिप्सकम यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक लाभले.