पाण्याकाठच्या दोन परीक्षा : कुरआनातून आज्ञापालनाचे धडे



विरारहून सफाळ्याकडे जाताना वैतरणा स्टेशन सुटलं की गाडी खाडीच्या पुलांवर येते. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून निघालेली ही नदी पुढे अरबी समुद्राला मिळते. मुलांना इताअत, म्हणजे अल्लाहची आज्ञा पाळणं, समजावताना मी याच पाण्यापासून सुरुवात करतो. कारण कुरआनातले इताअतचे दोन मोठे प्रसंग पाण्याकाठीच घडले आहेत.

तालूतची नदी (सूरह बकरा, आयत २४६ ते २५१)

बनी इस्राईलने आपल्या नबींकडे राजा मागितला. अल्लाहतआलाने तालूतना नेमलं. सैन्य जालूतशी लढायला निघालं, तेव्हा वाटेत नदी लागली. हुकूम असा, की हे पाणी प्यायचं नाही. हाताने एक ओंजळ घेतली तर चालेल. पण थोडे सोडून बाकी सगळे प्यायले. जे हुकमावर राहिले ते पलीकडे गेले, त्यांनी सब्रची दुआ मागितली आणि हजरत दाऊद (अलै.) यांच्या हातून जालूत मारला गेला.

सहीह बुखारीत हजरत बरा बिन आजिब (रजि.) सांगतात, की नदी ओलांडणारे बद्रच्या सहाबांइतकेच होते, तीनशे दहाहून थोडे जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाणी हराम नव्हतं. त्या वेळी फक्त हुकूम होता. रमजानमध्ये आपलंही तेच होतं. माठातलं पाणी हलालच असतं, तरी मगरिबपर्यंत आपण हात लावत नाही.

शनिवारचे मासे (सूरह आराफ, आयत १६३ ते १६६)

समुद्रकाठच्या एका वस्तीला शनिवारी मासेमारी मना होती. नेमके शनिवारीच मासे पाण्यावर दिसायचे, इतर दिवशी येत नसत. तफसीरमध्ये येतं, की काहींनी आदल्या दिवशी जाळी लावून ठेवली आणि रविवारी मासे काढले. वरून हुकूम पाळला, आतून मोडला.

वस्तीत तीन गट होते : मोडणारे, समजावणारे आणि ‘यांना कशाला सांगता?’ म्हणणारे. समजावणाऱ्यांचं उत्तर होतं, की रबसमोर आमची जबाबदारी पूर्ण व्हावी आणि कदाचित हे सुधारतील. अजाब आला तेव्हा वाईटापासून रोखणारे वाचले, असं कुरआन स्पष्ट सांगतं.

आपल्यासाठी काय?

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ. रेल्वे पुलाजवळ रेती काढायला मनाई असते, कारण पायाजवळची रेती गेली की खांब कमकुवत होतात. हे सरकारी नियम आहेत, वहीचे हुकूम नाहीत. पण सूरह निसाच्या ५९व्या आयतीत अल्लाह आणि रसूल (सल्ल.) यांच्या इताअतनंतर जबाबदार लोकांचंही ऐकायला सांगितलं आहे, आणि लोकांचं नुकसान टाळणं हे तर दीनचंच काम आहे.

‘सगळेच करतात’ हे उत्तर नदीकाठी चाललं नाही. तिथेही बहुतेक सगळे प्यायलेच होते.

आज रात्री जेवताना मुलांना हे दोन्ही किस्से सांगा आणि विचारा : तिन्ही गटांपैकी आपलं घर कोणत्या गटात आहे? उत्तर मात्र आधी आपण मोठ्यांनी द्यायचं.