सुरतेचे कापड आणि कंपवाताची रात्र

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवाजी महाराजांनी ज्या पेठेवर स्वारी केली, तिची समृद्धी बंदराइतकीच कापडावर उभी होती. बंदराचे वैभव पुढे मुंबईकडे गेले. माग मात्र सुरतेत राहिले. व्यापारामागोमाग पुष्कळ पारशी कुटुंबेही मुंबईस आली. जहाजबांधणीतील कसबी लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली तेथूनच आले.

याच समाजामुळे भारतातील कंपवाताच्या इतिहासात एका महत्त्वाच्या नोंदीची भर पडली. मुंबईच्या पारशी वसाहतींची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. १४,०१० रहिवाशांत ४६ जणांना हा विकार आढळला. प्रमाण मोठे दिसण्याचे एक कारण असे की, या समाजात वृद्ध अधिक, आणि कंपवात हा मुख्यतः उतारवयाचा रोग.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर निबंध लिहिला, तेव्हा कंपाबरोबर रुग्णाची मोडलेली झोपही त्यांनी टिपली होती. पुढे वैद्यकाचे लक्ष थरथरत्या हातावर खिळले. रात्र मागे पडली. १९३७ साली मद्रासेत खाजकुहिलीच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले गेले. त्याचा या रोगावरील गुण १९६१ साली व्हिएन्नात दिसून आला आणि रुग्णांचा दिवस सुसह्य झाला. स्वप्नात हातपाय झाडायला लावणाऱ्या निद्राविकाराचे वर्णन अमेरिकेत १९८६ साली झाले. तो कित्येकदा कंपाच्या अनेक वर्षे आधी येतो, हे नंतर उमगले.

रात्री औषधाचा अंमल ओसरला की अंग लाकडासारखे ताठते, कूस वळत नाही, आणि रुग्णाबरोबर शुश्रूषा करणाऱ्याचीही झोप उडते. अशा वेळी बिछान्याच्या मधल्या भागावर सॅटिनचे गुळगुळीत कापड अंथरले, तर वळणे सोपे जाते. सुरतेच्या यंत्रमागांवर कृत्रिम धाग्याचे कापड आजही विपुल निघते. मात्र बिछान्याच्या काठावर ते नसावे. उठताना घसरण्याचे भय असते. निजण्याची ठरलेली वेळ, सकाळचे ऊन आणि सायंकाळनंतर बेताचे पाणी, हेही उपकारक ठरते. औषधाच्या वेळा मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बदलू नयेत.

हाताचा कंप डॉक्टरांना न सांगता दिसतो. रात्र मात्र त्यांना सांगावी लागते.