दीर्घकालीन आजार आणि आरोग्य नोंदींचे जाळे

पुणे-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात, ते जुन्नर तालुक्यातील आळेफाटा. येथील मधुमेहाचा वा रक्तदाबाचा रुग्ण आज गावच्या दवाखान्यात, उद्या मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, तर प्रकृती अधिक बिघडल्यास पुण्याच्या ससून रुग्णालयात जातो. त्याचे कागद मात्र अनेकदा घरीच राहतात. परिणामी तीच तपासणी पुन्हा करावी लागते, एकच औषध दोन नावांनी घेतले जाते आणि मूत्रपिंडास अपायकारक औषध अजाणता दिले जाण्याचा धोका उद्भवतो.

ही उणीव दूर करण्यासाठी २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. त्यात ‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. नोंदी जेथे तयार झाल्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. ही संमती ठरावीक मुदतीपुरती देता येते व मागेही घेता येते. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे.

अशा नोंदींचा लाभ उच्च रक्तदाबाच्या उपचारात दिसून येतो. २०१७ साली सुरू झालेला भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात प्रथम सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा व भंडारा या जिल्ह्यांत राबविण्यात आला. परिचारिका ‘सिंपल’ या मोबाइल अॅपमध्ये प्रत्येक भेटीची नोंद करते. ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णाचे नाव यादीत येते व त्यास फोन करून बोलावले जाते. रक्तदाब वाढला तरी बहुधा त्रास जाणवत नाही, म्हणून औषध सोडणारे पुष्कळ असतात. त्यांना शोधणे हेच महत्त्वाचे. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपणांस येथे सहज आठवतो.

आरोग्यसेवेत एकमेकांशी जोडलेले राहण्याची परंपरा आपल्या ख्रिस्तसभेत जुनीच आहे. डॉक्टर असलेल्या धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली कॅथलिक रुग्णालयांची संघटना याच हेतूने स्थापन केली.

धर्मग्रामातील तरुणांनी वृद्धांना ‘आभा’ काढण्यास साहाय्य करावे. मात्र मोबाइलवर येणारा ओटीपी अनोळखी व्यक्तीस देऊ नये, हेही सांगावे. सर्व दवाखाने जोडले जाईपर्यंत औषधांची नावे, मात्रा, अॅलर्जी आणि शेवटच्या तपासण्या एका वहीत लिहून ती सोबत बाळगावी. ११ फेब्रुवारी या जागतिक रुग्ण दिनी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. त्याच दिवशी शेजारच्या एका रुग्णाची वही लिहून दिली, तर ती प्रार्थना कृतीत उतरेल.