पत्र्याचा बिल्ला

काशी-रामेश्वर ही आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्माची इच्छा. रामेश्वरच्या गाडीने जाताना पांबनचा पूल येण्याआधी ‘मंडपम कॅम्प’ नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. एव्हाना यात्रेकरूंचे डोळे समुद्राकडे लागलेले असतात. त्यामुळे हा ‘कॅम्प’ कसला, असे सहसा कोणी विचारीत नाही. मी विचारले, आणि त्या एका शब्दाच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांची एक कथा उभी असलेली दिसली. हा कॅम्प सिलोन सरकारचा होता. शेजारच्या देशात नोकरीला निघालेल्या तमिळ मजुरांना येथे थांबवून, तपासून, देवी टोचून मग पलीकडे सोडीत.

सिलोनचे नाव १९७२ साली श्रीलंका झाले. पण या कथेचा बराचसा भाग त्यापूर्वीचा आहे, म्हणून मी जुनेच नाव वापरतो. शिवाय आपल्याकडच्या एका पिढीच्या कानात तेच बसलेले आहे. बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी घरोघरी ज्या स्टेशनवर काटा जाई ते रेडिओ सिलोन!

कथेची सुरुवात मात्र चहाने नव्हे, कॉफीने होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात इंग्रज मळेवाल्यांनी कँडीच्या डोंगरांवर कॉफी लावली. तेथील सिंहली शेतकरी आपली भातशेती सोडून रोजंदारीला येईना. समुद्रापलीकडे तिरुचिरापल्ली, मदुरा, सेलम, रामनाड, पुदुक्कोट्टै या भागांत दुष्काळ, सावकार आणि जातीची जाचणूक यांनी गांजलेली माणसे भरपूर होती. ती होडीने मन्नारला उतरत आणि तेथून जंगलातून सुमारे दीडशे मैल पायी चालत मातळेपर्यंत जात. वाटेत पाणी नसे, पटकी मात्र असे. किती जण रस्त्यातच राहिले, याचा हिशेब कोणी ठेवलाच नाही. कॉफीची तोडणी संपली की वाचलेले लोक चार पैसे घेऊन त्याच वाटेने आपल्या भातशेतीला परत जात. जाणे-येणे एवढाच तो व्यवहार होता, आणि त्याला कसलाच कागद लागत नसे.

१८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मळे बसले. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश मळेवाल्याने लूलकोंडेरा येथे १८६७ साली एकोणीस एकरांत चहा लावून ठेवला होता. आता सगळे त्या वाटेने गेले. या बदलाला मी फार महत्त्व देतो. कॉफी वर्षातून एकदा तोडायची. चहाची कोवळी पाने मात्र आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा पुन्हा, बाराही महिने खुडावी लागतात, आणि हे काम मुख्यतः बायकांच्या हातचे. म्हणजे मजूर एकटा येऊन भागेना. त्याचे अख्खे बिऱ्हाड हवे, आणि तेही कायमचे. पाहुणा रहिवासी झाला तो येथे.

अशी बिऱ्हाडे आणायची कोणी? तर कंगाणीने. कंगाणी म्हणजे नजर ठेवणारा, आपल्याकडचा मुकादम. मळेवाला त्याच्या हाती उचल देऊन त्याला त्याच्याच गावी पाठवी. तो आपल्या भाऊबंदांत, ओळखीपाळखीत फिरे, एखाद्याचे सावकाराचे देणे भागवी, लुगडे-धोतर घेऊन देई आणि पंचवीस-तीस माणसे जमवून परते. पुढे मळ्यावर हजर राहिलेल्या दर माणसामागे रोज काही सेंट कंगाणीला मिळत. ज्याने नोकरी मिळवून दिली तोच मुकादम, तोच सावकार आणि बहुधा तोच गावचा नातेवाईक! अशा माणसाशी भांडायचे तरी कसे?

१९०२च्या सुमारास सिलोन सरकारने या येण्याला शिस्त लावली ती पत्र्याच्या बिल्ल्याने. नाण्यासारखी गोल चकती, तिच्यावर मळ्याचा क्रमांक ठोकलेला. मळेवाल्याने सरकारकडून असे बिल्ले घ्यायचे, कंगाणीबरोबर हिंदुस्थानात पाठवायचे, आणि त्याने एकेका मजुराच्या गळ्यात एकेक बांधायचा. मग त्या मजुराला ना तिकीट लागे, ना पत्ता सांगावा लागे. कॅम्पवर बिल्ला पाहून त्याला जेवायला घालीत, आगगाडीत बसवीत आणि मळ्याच्या स्टेशनावर उतरवीत. १९१४ साली पांबनचा पूल झाला, धनुष्कोडीहून तलैमन्नारला आगबोट सुरू झाली आणि दीडशे मैलांची ती जीवघेणी पायपीट संपली. बावीस मैलांचा समुद्र काही तासांत पार होऊ लागला.

कामाचा परवाना इतक्या सुलभपणे कोणाला मिळाला असेल असे मला वाटत नाही. अर्ज नाही, फी नाही, खेटे नाहीत. मात्र वाटखर्च सरकार मळ्याकडून वसूल करी आणि मळा तो मजुराच्या नावे मांडी. पहिली कुदळ मारण्याआधीच माणूस कर्जात! आणि बिल्ल्यावर पाहावे तर मळ्याचा आकडा आहे, माणसाचे नाव नाही. पार्सलावर पत्ता असतो तसा तो प्रकार होता.

दुसरा कागद ‘तुंडू’. तमिळमध्ये याचा अर्थ तुकडा, चिठोरा. मळा सोडायचा तर धन्याने लिहून द्यावे लागे, की अमुक इतके कर्ज फेडल्यास या मजुराला सोडण्यास आमची हरकत नाही. नवा मळेवाला ते कर्ज फेडी आणि माणूस आपल्याकडे घेई. कर्ज नव्या खात्यावर चढे. कंगाणी असे तुंडू घेऊन या मळ्यावरून त्या मळ्यावर फिरत, आणि प्रत्येक फेरीत आकडा थोडा फुगे. १९२१ साली कायद्याने तुंडू बंद झाला. १९२३पासून हिंदुस्थान सरकारचा एजंट कँडीला बसू लागला, आणि १९२७च्या कायद्याने किमान मजुरी ठरली: उंचावरच्या मळ्यांत पुरुषाला दिवसाला ५४ सेंट, बाईला ४३. उचल मात्र मळ्यांवरून गेली नाही. दीपावलीला मळ्याने मजुरांना आगाऊ रक्कम द्यावी आणि पुढच्या पगारांतून हप्त्याहप्त्याने कापून घ्यावी, ही रीत पुढेही चालत राहिली. फराळ आधी, हिशेब मागून!

मळ्यांत परक्याला पाऊल टाकण्याची बंदी असे. तंजावर भागातून आलेल्या नटेश अय्यर या पत्रकाराने त्यावर युक्ती काढली: कापडविक्याचा वेष घेऊन तो मजुरांच्या चाळींत शिरला आणि तेथले हाल लिहून बाहेर काढले. पुढे त्याने मळेमजुरांची पहिली संघटना उभारली, आणि त्याची पत्नी मीनाक्षी अम्माळ मजुरांपुढे स्वतः रचलेली गाणी गाई. या जोडप्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

१९३९ साली चित्र पालटले. सिलोन सरकारने आपल्या खात्यांतील हिंदी रोजंदार कमी करायला घेतले. जवाहरलाल नेहरू जुलैत तिकडे जाऊन आले, पण समेट झाला नाही, आणि ऑगस्टपासून हिंदुस्थान सरकारने अकुशल मजुरांचे सिलोनला जाणेच बंद केले. कंगाणीचे दार मिटले. आत जे होते, ते आत राहिले.

मग सिलोन स्वतंत्र झाले. १९४७च्या निवडणुकीत मळेमजुरांच्या सिलोन इंडियन काँग्रेसने सात जागा जिंकल्या होत्या. ते अनेकांच्या डोळ्यांत खुपले. १९४८चा नागरिकत्वाचा कायदा म्हणाला, बाप सिलोनात जन्मला हे दाखवा, किंवा आजा आणि पणजा तेथे जन्मले हे दाखवा. ज्यांचे आजे-पणजे गळ्यात आकडा बांधून आले, त्यांनी दाखले आणायचे कोठून? पिढ्यान्‌पिढ्यांच्या राबण्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे होते ते फक्त चहाचे डोंगर, आणि डोंगर काही कचेरीत नेता येत नाहीत. १९४९च्या दुसऱ्या कायद्याने अर्जाची वाट ठेवली: विवाहितांनी सात व अविवाहितांनी दहा वर्षांची अखंड वस्ती सिद्ध करावी. सव्वाआठ लाखांच्या आसपास माणसांसाठी अर्ज झाले. बाराएक वर्षांच्या छाननीनंतर जेमतेम एक लाख चौतीस हजारांना नागरिकत्व मिळाले. मताचा हक्क तर आधीच गेला होता. तोंडमान यांच्या काँग्रेसने १९५२ साली कोलंबोत सत्याग्रह केला. गीतमाला सुरू झाली तीही त्याच साली, त्याच शहरातून.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादुर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. बिनदेशी माणसे ९ लाख ७५ हजार धरली. त्यांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यावीत, ३ लाख सिलोनने, आणि उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहावे. १९७४ साली त्यांचीही निम्मी-निम्मी वाटणी झाली. शास्त्रीजींविषयी मला आदर आहे. तरीही हे आकडे वाचताना दिवाणखान्यातल्या सामानाची वाटणी चालली आहे असे वाटते. ज्यांच्याविषयी हे ठरले त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे घराघरांतून एक भाऊ भारतीय आणि दुसरा सिलोनी ठरला. करारानंतर दोन महिने पुरे होण्याआधीच, डिसेंबरातल्या वादळात धनुष्कोडी समुद्राने गिळले. ज्या बंदरातून आजे गेले, ते बंदर परतणाऱ्या नातवंडांसाठी उरले नाही. ती रामेश्वरला उतरली, आणि पुन्हा मंडपम कॅम्प उघडा होताच.

परतलेल्यांपैकी कित्येकांना निलगिरीत तमिळनाडू सरकारने १९६८पासून खास त्यांच्यासाठी लावलेल्या चहाच्या मळ्यांवर काम मिळाले. हात तेच, झुडपे तीच. तिकडे लंकेत यादवी पेटली, १९८४ साली आगबोट बंद पडली, आणि कागद तयार असूनही हजारो लोक तेथेच अडकून पडले. अखेर २००३ साली श्रीलंकेच्या संसदेने एकमताने कायदा केला: ३० ऑक्टोबर १९६४पासून जे तेथे राहत आहेत ते आणि त्यांची मुलेबाळे श्रीलंकेची नागरिक. या वेळी पणजोबांचा दाखला कोणी मागितला नाही. मळ्यामळ्यांवर फिरती केंद्रे गेली, आपण येथलेच आहोत असे निवेदन द्यायचे आणि त्यावर अधिकृत साक्षीची सही घ्यायची, एवढेच काम होते. डिसेंबरच्या साधारण दहा दिवसांत एक लाख नव्वद हजार माणसांनी ते कागद नेले. या कागदांवर त्यांची नावे होती.