सार्वमत : शब्द एक, भावंडं अनेक

एखाद्या ठरावीक प्रश्नावर सगळ्या मतदारांनी थेट मत देऊन दिलेला निर्णय म्हणजे सार्वमत. निवडणुकीत आपण माणूस निवडतो आणि पुढचं त्याच्यावर सोडतो. सार्वमतात मधे कुणी नाही, प्रश्नालाच उत्तर द्यायचं. मतचाचणी ही वेगळी गोष्ट. तिथे थोड्या लोकांना विचारून अंदाज बांधतात.

मराठी शब्द सरळ आहे : सर्वांचं मत. इंग्रजीतला ‘रेफरेंडम’ लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी ‘परत नेणे’ हा अर्थ आहे. प्रश्न लोकांकडे परत न्यायचा. ‘प्लेबिसाइट’ रोममधला, ‘प्लेब्स’ म्हणजे तिथले सामान्य लोक आणि त्यांच्या सभेचा ठराव तो ‘प्लेबिस्किटम’.

आपल्या घरात उर्दू वाचणाऱ्यांना ‘इस्तिस्वाब-ए-राय’ माहीत असेल. यातला ‘सवाब’ म्हणजे नेकीचा मोबदला नव्हे. तो ‘से’ने लिहितात, हा ‘सुआद’ने, आणि याचा अर्थ ‘बरोबर, योग्य’. योग्य काय ते विचारणं म्हणजे इस्तिस्वाब. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मुलं हमखास फसतात.

अरबीत तर सार्वमताला ‘इस्तिफ्ता’च म्हणतात. आपल्याकडे मुफ्तीसाहेबांना मसला विचारतात, तोच शब्द, फतव्याच्याच धातूपासून बनलेला. गंमत अशी की इथे विचारणारं सरकार आणि मुफ्तीच्या जागी जनता! 1 जुलै 1962 रोजी अल्जीरियात असाच इस्तिफ्ता झाला, प्रश्न फ्रान्सपासून स्वातंत्र्याचा होता. 99 टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ची पडली.

आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झालं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं, दोन पानांना 1,72,191. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. मराठीत याला ‘जनमत कौल’ही म्हणतात, आणि हा ‘कौल’ म्हणजे अरबी ‘क़ौल’, दिलेला शब्द. देवळातला कौल, जमिनीचा कौलनामा, जनतेचा कौल, सगळे त्याच घरातले.

राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. गोव्यासाठी संसदेला 1966 मध्ये वेगळा कायदा करावा लागला होता.