नवेगाव राष्ट्रीय उद्यान : मुक्काम व प्रवासाची आखणी

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, मुख्यतः अर्जुनी मोरगाव तालुक्यातील राष्ट्रीय उद्यान. स्थापना १९७५, क्षेत्रफळ सु. १३४ चौ. किमी. त्या वेळी हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा (अभयारण्य १९७० पासून), नवीन नागझिरा, नवेगाव अभयारण्य व कोका ही क्षेत्रे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याचे गाभा क्षेत्र सु. ६५३ चौ. किमी. आहे. अरण्य शुष्क पानझडी असून साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह व बांबू ही त्यातील प्रमुख झाडे.

तलाव : उद्यानाची ओळख जंगलापेक्षा नवेगावबांधच्या तलावाने अधिक आहे. तो नैसर्गिक नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधाने अडवून तो निर्माण केला, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. तलावाभोवतीच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांधाच्या कामी या बहिणींनी हातभार लावला, अशी आख्यायिका आहे. पुढे कोलू पाटलांनाच देवत्व मिळाले. कोलासूर देव या नावाने त्यांचे स्थान तेथील एका शिखरावर आहे. गॅझेटियरातील मापे अशी : विस्तार पाच चौ. मैल (सु. १३ चौ. किमी.), परीघ १७ मैल, सरासरी खोली ४० फूट, काही ठिकाणी ९० फूट. अलीकडच्या लेखनात विस्तार ११ चौ. किमी. दिलेला आढळतो. पाणी पावसाळ्याअखेरीचे की उन्हाळ्यातले, यावर हा फरक अवलंबून असावा. खोलीचे आकडे मात्र तीन शतकांचा गाळ लक्षात घेता जपून वापरावेत.

कोहळी हा धान व ऊस पिकवणारा, तलाव बांधण्यात वाकबगार समाज. चांद्याच्या (आजचे चंद्रपूर) एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणले, अशी परंपरागत समजूत आहे. तिचा कालनिर्णय वादग्रस्त आहे. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला व तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क देण्याचे गोंड राजांचे धोरण या भागातील असंख्य तलावांमागे आहे. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, व्यवहारात ‘मामा तलाव’, म्हणतात. लहान तलाव म्हणजे बोडी. चोरखमारा व बोदलकसा ही याच मालिकेतील मोठी नावे. मुक्कामाची आखणी करणाऱ्याने वाघाच्या नकाशाआधी हा पाण्याचा नकाशा पाहावा. प्राणी, पक्षी, गावे आणि विश्रामगृहे या भागात पाण्याच्या कडेनेच आहेत.

पक्षी व त्यांचे नोंदकर्ते : हिवाळी पाहुण्यांत चक्रवाक, पट्टकदंब, तलवार बदक व थापट्या हे प्रमुख; कमळपक्षी, काणूक बदक, जांभळी पाणकोंबडी व पाणकावळे वर्षभर असतात. वारकरी पक्ष्यांचे मोठे थवे हिवाळ्यात दिसतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सूर्योदयाच्या वेळी बांधावर पोहोचायचे, तर आदल्या रात्रीचा मुक्काम तलावाजवळच हवा. गोंदियाहून पहाटे निघून ते साधत नाही. बेशरम या वनस्पतीने काठ व्यापल्यामुळे अनेक तलावांतील पाणवनस्पती व बदके घटली. जिल्ह्यातील काही गावांत ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे. सारस क्रौंच या उद्यानात पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. राज्यातील त्याचा शेवटचा मोठा आसरा गोंदिया जिल्हाच आहे, पण तो धानाच्या बांध्यांत व गावतलावांवर.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून येथे होते. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक त्याच वास्तव्याचे. कोलू पाटलांच्या वंशातील माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून मिळालेले जंगल व तलावाचे ज्ञान त्यांनी आपल्या लेखनात नोंदवले. शेजारच्या जंगलाबद्दल व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ व किरण पुरंदरे यांचे ‘सखा नागझिरा’ ही पुस्तके आहेत. दोन्हींचा पाया दीर्घ मुक्काम हाच आहे. एका सफारीत जंगल उरकणाऱ्यांनी ती निघण्यापूर्वी वाचावीत.

वाघ : ‘जय’ हा नामांकित वाघ मूळ नागझिऱ्याचा, तो उमरेड-कऱ्हांडल्यात स्थलांतरित झाला व २०१६ नंतर दिसला नाही. मे २०२३ मध्ये दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. एप्रिल २०२४ मध्ये सोडलेली तिसरी काही दिवसांतच मृतावस्थेत आढळली.

मुक्कामाचे नियम : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश नाही, विस्तव पेटवण्यास व शस्त्र बाळगण्यासही बंदी आहे. म्हणजे स्वतःचा तंबू ठोकून, शेकोटी पेटवून राहण्याची हौस येथे भागणार नाही. तंबू, लाकडी कुटी व विश्रामगृहे ही वन विभागाने उभारलेली आणि नेमून दिलेलीच वापरायची. नवेगावबांधला तलावाकाठच्या पर्यटन संकुलात राहण्याची सोय आहे. नागझिऱ्यात निलय, लताकुंज व मधुकुंज ही विश्रामगृहे जुन्या प्रवाशांच्या परिचयाची. तेथे विजेच्या तारा पोहोचलेल्या नाहीत, याचे कौतुक आणि तक्रार दोन्ही ऐकू येतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभा क्षेत्रातील कायम पर्यटनसोयी टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले. त्यामुळे आतील मुक्कामाबाबतचे धोरण स्थिर मानू नये. आरक्षण करतानाच, खोली गाभ्यातील की बाहेरची, हे विचारून घ्यावे.

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, सफारी बंद असते. आठवड्यातून एक दिवस सुटी असते. नागझिऱ्याकडील प्रवेशद्वारे पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी व उमरझरी येथे आहेत. ज्या दाराचे आरक्षण, तेथूनच प्रवेश. मुक्काम नवेगावबांधला आणि सकाळची फेरी पिटेझरीची, असा बेत कागदावर सोपा वाटतो. पण दोन्ही जंगलांच्या मधून मुंबई–कोलकाता महामार्ग जातो आणि रस्त्याचा वेळ पहाटेतून वजा होतो. दोन्ही पाहायची असतील तर दोन वेगळे मुक्काम करावेत.

मचाणावरची रात्र : जंगलात उघड्यावर रात्र काढण्याची कायदेशीर संधी वर्षातून एकदाच, बुद्धपौर्णिमेला मिळते. पाणवठ्यावरील प्राणिगणनेच्या जुन्या प्रथेचे रूपांतर वन विभागाने ‘निसर्गानुभव’ या उपक्रमात केले आहे. शुल्क भरून, वनकर्मचाऱ्यासोबत, सायंकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मचाणावर बसायचे. मध्येच खाली उतरायचे नाही. पाणी, कोरडे खाणे, चादर व मळखाऊ रंगाचे कपडे सोबत असावेत; अत्तर व उग्र वासाचे पदार्थ टाळावेत. दिसलेल्या प्राण्यांची नोंद दिलेल्या तक्त्यात करायची असते. तिला आता शास्त्रीय गणनेचा दर्जा नाही. तरीही सफारीच्या गाडीतून न मिळणारी गोष्ट, म्हणजे एकाच पाण्यावर रात्रभर येणारे-जाणारे जीव सलग पाहणे, ती याच रात्री मिळते. जागा मोजक्या असल्याने जाहीर होताच नाव नोंदवावे लागते.

हवामान व आरोग्य : डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसखाली जाते व उघड्या गाडीत ते त्याहून कमी भासते. मे महिन्यात दुपारी ते ४५ अंशांच्या आसपास असते. पूर्व विदर्भातील हा पट्टा हिवतापाचा. मच्छरदाणी व लांब बाह्यांचे कपडे आवश्यक. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, अस्वले पहाटे मोहाखाली येतात. गाभा क्षेत्राभोवतीच्या बफर पट्ट्यातील गावांच्या पायवाटांवर त्या वेळी एकट्याने फिरू नये. याच दिवसांत वणव्याचा धोका सर्वाधिक असतो.

विस्थापित गावे : उद्यान परिसरातील कवलेवाडा, कालीमाटी व झनकारगोंदी या गावांचे पुनर्वसन सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर येथे झाले. सोयी व मोबदल्याबाबत मतभेद आहेत.

खरेदी : साकोली किंवा अर्जुनी मोरगाव येथे.

दळणवळण : गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील देवलगाव हे सर्वांत जवळचे स्थानक, सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. महामार्गाने येणाऱ्यांनी कोहमारा येथे वळावे. नवेगावबांध गोंदियाहून सु. ६५ किमी., नागपूरहून सु. १३५ किमी. नागझिऱ्यासाठी साकोली सोयीचे.

जवळची ठिकाणे : गाढवी नदीवरील इटियाडोह धरण. गोठणगाव परिसरातील नॉर्ग्येलिंग ही १९७० च्या दशकातील तिबेटी वसाहत; उंच, थंड व रुक्ष पठारावरून आलेली कुटुंबे येथे धानाच्या मुलखात स्थिरावली. हिवाळ्यात त्यांपैकी अनेक जण स्वेटर विकण्यासाठी शहरांत जातात, त्यामुळे पर्यटनाच्या ऐन हंगामात वसाहत बरीच रिकामी असते. प्रतापगड येथे महाशिवरात्रीची यात्रा भरते. तेथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. यात्रेच्या दिवसांत बसगाड्यांत जागा मिळणे कठीण.